तीन गाठींची पुरचुंडी

आवडाबाईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं, आणि हे डॉक्टरांखेरीज एकट्या दमयंतीला माहीत होतं.

बातमी तिला औरंगपुऱ्यात भाजी घेताना कळली. दगडाबाई भाजीवाली मूळची आवडाबाईच्याच पडेगावची, रोज सकाळी तिकडूनच माल घेऊन येणारी, तेव्हा खबर पक्की होती. आवडाबाई म्हणे सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला दोन दिवस रांगेत उभी होती. डॉक्टरनं डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं तरी तिला पटेना. मला आता पान ओळखू येत नाही, कोवळं कोणतं आणि जून कोणतं कळत नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती. "पानावाली म्हातारी, आन् तिलाच पान दिसंना," दगडाबाई म्हणाली आणि गवारीवर चार शेंगा जास्तीच्या टाकल्या.

दमयंती घरी येऊन गवार मोडायला बसली. तिचा नवरा मधुसूदन बँकेतून निवृत्त झालेला, समोर पेपर घेऊन बसला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "शेंगा टाकते आहेस आणि शिरा ठेवते आहेस." तिनं पाहिलं तर खरंच तसं झालं होतं. डोळ्यांसमोरून ती रांग जात नव्हती. सहासष्ट वर्षांची बाई, डोळ्यांत औषध घातलेलं, दौलताबाद रस्त्यावर बसमधून उतरते आणि रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरते. चांगल्या डोळ्यांची बाई. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तिला सांगायचं म्हणजे आधी लेकीला सांगायला हवं होतं, आणि तिथंच दमयंतीचं पाऊल अडत होतं.

आवडाबाईला कुणी वय विचारलं तर ती आपल्या आईचा हिशेब सांगायची. निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा थोरला भाऊ रांगत होता, आणि त्याच्या पाठीवर चौथी ती. बहात्तरच्या दुष्काळात ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. दिवसभर खडी फोडायची आणि कामावरून परतताना ओढ्याकाठी पाला शोधायचा, हे तिचं शिक्षण. कोणता पाला शिजवला की पोटाला आधार होतो, कोणता जिभेवर ठेवून थुंकायचा, हे तिनं तिथं शिकून घेतलं. पुढं पडेगावच्या रामकिसनशी लग्न झालं. त्याच्या शेताच्या बांधावर आणि वरच्या डोंगरउतारावर सीताफळाची झाडं होती. दर दिवाळीच्या सुमाराला ती पाटी घेऊन दौलताबादच्या रस्त्याला बसायची. फळ दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर ती चापट मारायची, असं लोक सांगतात. फळ कधी पिकणार हे तिला देठाजवळच्या पानावरून कळायचं. रामकिसन गेला. शेताच्या जागी प्लॉट पडले, तीन मजली इमारती आल्या. उतारावरची झाडं कुणाचीच नव्हती, म्हणून ती तिची राहिली.

त्या झाडांपाशी एका दुपारी दमयंतीची लेक अंबिका जाऊन पोचली. अंबिका विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता सीताफळाच्या पानांमधून अँटिऑक्सिडंट द्रव्यं वेगळी काढणं. नातेवाइकांना हे समजावून सांगायचं काम दमयंतीचं. कापलेलं सफरचंद थोड्या वेळानं काळं पडतं ना, तशीच झीज आपल्या शरीरातही होत असते, ती अडवणारी द्रव्यं पानात असतात, असं ती सांगायची. सांगताना तिचा आवाज जरा चढायचा, कारण अठ्ठ्याऐंशी साली तीही बॉटनी घेऊन बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली होती. एम.एस्सी.चा फॉर्म भरला होता. त्याच महिन्यात लग्न ठरलं. कॉलेजात दाबून वाळवलेल्या पानांची तिची फाइल, बासष्ट कागदांची, अजून कपाटाच्या तळाशी होती. अंबिकानं ती कधी पाहायला मागितली नव्हती.

तर अंबिका त्या दुपारी डोंगरावर फांदी वाकवून पानं ओरबाडत होती आणि खालून आवाज आला, "ये पोरी, झाडाला इचारलं का?" आवडाबाई काठी टेकत वर आली आणि तिनं अंबिकाच्या पिशवीतली सगळी पानं जमिनीवर ओतली. टोकाची दोन सोडायची, तिसरं आणि चौथं घ्यायचं, तेही ऊन चढायच्या आत, असं तिनं बजावलं. अंबिका दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्या पानांचा अर्क आधीच्या अर्काच्या जवळजवळ दुप्पट जोमाचा निघाला. त्या दिवसापासून पानं तोडायचं आणि वाळवायचं काम आवडाबाईकडं आलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक झाडाची पानं वेगळ्या फडक्यात बांधायची. विहिरीजवळच्या झाडाला एक गाठ, ओढ्याजवळच्या झाडाला दोन, पडक्या भिंतीजवळच्या झाडाला तीन. अंबिकाच्या प्रयोगवहीतही नमुन्यांची नावं तीच पडली. गाठ एक, गाठ दोन, गाठ तीन.

दमयंतीला सुरुवातीला कौतुकच वाटलं. मग एक दिवस तिनं पाहिलं, की डबा अर्धा परत येतोय. अंबिका पडेगावला आवडाबाईकडं ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन येत होती. नंतर एक डबाच परत आला नाही. स्टीलचा, रुखवतातला, झाकणावर दमयंतीचं नाव कोरलेला. कुठं हरवलास म्हणून ती अंबिकाला दोन दिवस बोलत राहिली. मग अंबिका फोनवर कुणाशी तरी हसताना तिनं ऐकलं आणि पलीकडून "अंबू" अशी हाक ऐकू आली. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली ही एकुलती एक मुलगी. तिच्या नावाची मोडतोड दमयंतीनं घरात कुणालाही करू दिली नव्हती, सासरे दत्तोपंत यांनासुद्धा नाही. आणि आता ती अंबू होऊन हसत होती.

नाशिकचं स्थळ अंबिकानं का नाकारलं हे दमयंतीला आवडाबाईकडून कळलं. तेही सहज, पानं आणून देताना दारात. पोरीला पुढं शिकायला बाहेर जायचंय, ती म्हणाली, तुम्हाला ठाऊकच असंल. दमयंती म्हणाली, हो, ठाऊक आहे. दार लावून ती आत आली आणि पाणी न पिता पेला परत ठेवला.

सगळ्यात जास्त लागलं ते प्रबंधातलं आभाराचं पान. अंबिकाच्या टेबलावर त्याचा कच्चा मसुदा पडला होता. आवडाबाईवर तीन ओळी होत्या, तिच्या हातांवर, तिच्या नजरेवर, गाठींवर. शेवटी लिहिलं होतं, आई-बाबांचा पाठिंबा होताच. दमयंतीनं तो कागद होता तसा ठेवला. पण "होताच" हा शब्द पुढं कित्येक दिवस तिच्याबरोबर स्वयंपाकघरात फिरत राहिला.

एप्रिलमध्ये आवडाबाईची बहीण साळूबाई पैठणला पायऱ्यांवरून पडली. पाय मोडला. आवडाबाईला जाणं भाग होतं. एक आणि दोन गाठींची पानं वाळून प्रयोगशाळेत पोचली होती. तीन गाठींची दोनच दिवसांपूर्वी तोडलेली होती. अंबिका आवडाबाईला पुरचुंडीसकट घरी घेऊन आली. आवडाबाईनं आतल्या खोलीत रामकिसनचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर पसरलं आणि त्यावर पानं एकेक करून मांडली. दिवसातून दोनदा परतायची, पंखा थेट लावायचा नाही, असं ती सांगत होती. जाताना उंबऱ्यात थांबली.

"अंबूच्या आई, सावलीतच असू द्या. उन्हात पान लवकर वाळतं, पर त्यातला जीव जातो."

पस्तीस वर्षं दमयंती गच्चीवर कुरडया, सांडगे, मिरच्या वाळवत आली होती. वर बॉटनीची पदवी. तिनं फक्त मान हलवली.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. खोलीत कोंदट वास येऊ लागला आणि पानं हाताला नरम लागली. बुरशी धरली तर सगळंच फुकट जाणार, ही भीती खोटी नव्हती. आवडाबाईच्या बहिणीचा नंबर अंबिकानं फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. दमयंती दोनदा फ्रिजपाशी जाऊन आली. आपल्या घरात, आपल्या विषयात, पानांचं काय करू हे त्या बाईला विचारायचं? तिनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तिनं धोतर तसंच उचललं आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी नेऊन पसरलं. दोन दुपारी. पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. मग तिनं ती मिक्सरमधून काढली, पिठाच्या चाळणीनं दोनदा चाळली आणि काचेच्या बरणीत भरून ठेवली. बरणी हातात घेऊन अंबिका म्हणाली, "आई, चाळलीससुद्धा?" तेवढ्या एका वाक्यावर दमयंतीचा आठवडा छान गेला.

प्रयोगशाळेत ती पूड मिथेनॉलमध्ये भिजली, हलवली गेली, गाळली गेली. मिथेनॉल उडवून दिल्यावर खाली हिरवट काळा, डांबरासारखा चिकट अर्क राहिला. तो जांभळ्या द्रावणात टाकायचा. अर्कात जोम असेल तर अर्ध्या तासात जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. गाठ एक पिवळी झाली. गाठ दोनही झाली. गाठ तीन जांभळीच राहिली. अंबिकानं तीनदा करून पाहिलं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दमयंती पोळ्या लाटत होती.

"आई, ती पानं सगळा वेळ सावलीतच होती ना? मावशीनं सांगितलं होतं तशी?"

नुसतं पहिलंच विचारलं असतं तर दमयंती कदाचित खरं बोलली असती. मावशीनं सांगितलं होतं तशी, हे ऐकलं आणि तिचं लाटणं थांबलं नाही.

"हो. आतल्या खोलीतच होती."

त्यानंतर सगळं आपोआप घडत गेलं. पैठणला जायच्या घाईत आवडाबाईनं खालची जून पानं तोडली असणार, असं अंबिकाच्या गाइडनी काढलं. अंबिका पडेगावला जाऊन आली. आवडाबाई परतली होती. ती भांडली नाही, रडली नाही. असंल बाई, म्हणाली, डोळं गेलं असतील माझं. ते सांगताना अंबिकाच रडली. दमयंतीनं तिला जवळ घेतलं. लेक इतक्या वर्षांनी अशी कुशीत आली होती, आणि दमयंतीला त्याचं बरं वाटलं. तेवढं बरं वाटायला नको होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

मग अंबिका यंत्रावरच्या कामासाठी पुण्याला गेली. रविवारी तिचा फोन आला. बुधवारी गाइडना पक्की यादी द्यायची होती. गाठ तीनचं झाड रद्द होणार होतं आणि पानं गोळा करणाऱ्याच्या जागी दुसरं नाव घालायचं होतं. अंबिका थोडी घुटमळली आणि म्हणाली, "आई, पानांचं काम तू बघशील? तू तर बॉटनीची आहेस."

तीन वर्षं जे ऐकायला दमयंतीचे कान आसुसले होते, ते हेच. फोन ठेवून तिनं कपाटाच्या तळाची फाइल काढली, धूळ पुसली आणि बासष्ट कागद एकेक करून पाहिले. सोमवारी सकाळी भाजीला गेली ती गुणगुणतच. आणि तिथं दगडाबाईनं गवारीच्या शेंगांबरोबर ती दवाखान्याची खबर दिली.

मंगळवारी दुपारी दमयंती रिक्षानं पडेगावला गेली. निमित्त होतं, रामकिसनचं धोतर तिच्याकडंच राहिलं होतं. तेवढं द्यायचं, झाडं पाहून घ्यायची, यायचं. दुसरं काही करायचं तिनं ठरवलं नव्हतं.

दोन इमारतींच्या मध्ये आवडाबाईचं पत्र्याचं घर. ओसरीवरच्या ज्या बाजेवर पानं वाळायची ती रिकामी होती. आवडाबाई खाली बसली होती, मांडीवर सीताफळाची डहाळी, पुढ्यात पानांचे दोन ढीग. दमयंतीला पाहून ती उठली नाही, बसा असंही म्हणाली नाही. हातातलं पान तिनं वर धरलं.

"बगा बरं, अंबूच्या आई. हे कोवळं हाय ना? का आता मला तसं वाटतंय?"

दमयंतीनं दोन्ही ढीग पाहिले. हातात घेऊन पाहिले. एका ढिगात एकही जून पान नव्हतं, दुसऱ्यात एकही कोवळं नव्हतं. तिला स्वतःला हे इतकं अचूक जमलं नसतं. त्यातल्या निम्म्या पानांवर ती अडखळली असती. इथंही, या अवस्थेतही, ही बाई आपल्या पुढंच आहे, हे तिला पुन्हा सललं.

पिशवीतून धोतर काढून तिनं पुढं केलं. आवडाबाईनं सवयीनं ते झटकलं. घडीत अडकलेला पानांचा चुरा खाली सांडला. तो खाकी रंगाचा होता. आवडाबाईनं चिमटीत थोडा घेतला, बोटांनी चुरला, नाकाशी नेला.

"उन्हात घातली व्हती?"

"दोन दिवस. गच्चीवर."

आवडाबाईनं पुढ्यातल्या ढिगांकडं पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, आणि दमयंतीला वाटलं ती आता रडणार. ती हसली.

"म्हंजी मला दिसतंय." मग स्वतःशीच म्हणाली, "डाक्तर बिचारा सांगत व्हता. म्या त्यालाच येड्यात काढलं."

हसू ओसरलं तसा तिचा आवाज कोरडा झाला. बारा दिवस, ती म्हणाली, भाकरी टाकताना तवा चाचपून बघत होते. झाडापाशी जाऊन पानं तोडायची आणि परत टाकून द्यायची. अंबूला फोन लावायची भीती वाटत होती. दमयंती ऐकत उभी राहिली. माफीचे शब्द तिच्या तोंडात होते, पण ते अंबिकाला सोडून इथं वापरणं तिला सोपं आणि स्वस्त वाटलं.

शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही सांगाल तिला?"

"म्या कामून सांगू? म्या सांगितलं तर ती तुमाला इचारंल. आन् तुमी पुन्ना तसंच सांगसाल."

आवडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि फळीवरून एक डबा घेऊन आली. स्टीलचा, झाकणावर दमयंतीचं नाव. अंबू विसरून गेली होती, ती म्हणाली, घेऊन जा. डबा रिकामा नव्हता. दमयंतीनं झाकण उघडलं. आत वाळलेली पानं होती, कुरकुरीत, आणि तरीही हिरवीगार, जणू काल तोडलेली. वर फडक्याचा तुकडा होता, त्याला तीन गाठी.

"परत तोडली त्याच झाडाची. इथंच सावलीत वाळवली. म्हनलं, अंबूला दाखवावी. पर धीर झाला नाय. जा घिऊन. म्या चहा टाकते."

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

दमयंती बाजेवर टेकली आणि तिनं मोबाइल काढला. आधी वाटलं, घरी जाऊन शांतपणे करावा. मग वाटलं, बुधवारी सकाळी. घरी गेलो की आपण हा फोन करणार नाही, हे तिला स्वतःबद्दल नीट माहीत होतं. ती मनात वाक्य जुळवू लागली. पानांना जरा ऊन लागलं असावं. नाही. मला वाटलं बुरशी येईल. तेही खरं होतं, पण अंबिकानं ते विचारलंच नव्हतं. विचारलं होतं त्याचं उत्तर एवढंच होतं, की मी तुला खोटं सांगितलं, पानं उन्हात होती, मीच घातली होती, आवडाबाईंचं नाव यादीतून काढू नकोस.

हे ऐकल्यावर अंबिका काय करील तेही तिला दिसत होतं. ती आईचा फोन ठेवील आणि ताबडतोब दुसरा लावील, इथंच, या घरात, स्टोव्हपाशी बसलेल्या बाईला. अंबू म्हणून हाक ऐकल्यावर ती रडेल, आणि आई बाजेवर बसून ते ऐकेल. पानांचं काम पुन्हा आवडाबाईकडं जाईल. फाइल पुन्हा कपाटाच्या तळाशी.

दमयंतीनं डबा मांडीवर घट्ट धरला आणि अंबिकाचा नंबर लावला.